फॉर्म भरले, पुढं काय झालं?

(बीड येथील युवा कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘आपल्या कामाचा परिणाम कसा मोजायचा?’ मी समाजशास्त्राचा माणूस नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पुण्यात नोकरी करतो, आणि गेली काही वर्षं याच जिल्ह्यातल्या एका मोहल्ल्यात मित्रांबरोबर थोडंफार काम करतो. त्यामुळे आज पुस्तकातलं कमी आणि आमच्या हातून झालेल्या चुकीबद्दल जास्त बोलेन.

आमचं काम साधं होतं. अल्पसंख्याक मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मोफत भरून द्यायचे. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, गुणपत्रिका, मग नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नोंदणी. ज्या घरात स्मार्टफोन फक्त बापाकडे आणि बाप दिवसभर हातगाड्यावर, त्या घराला हे जमत नाही. आम्ही सुट्टीच्या दिवशी शादीखान्यात लॅपटॉप मांडून बसायचो. गर्दी व्हायची. वर्षाच्या शेवटी मी अहवाल तयार केला. किती शिबिरं घेतली, किती फॉर्म भरले, किती स्वयंसेवक आले, सोबत मुलींच्या रांगेचे फोटो. मदत देणाऱ्यांना तो आवडला. मलाही आवडला.

पुढच्या वर्षी शिबिरात एक खाला मुलीला घेऊन आल्या. समोर बसल्या आणि म्हणाल्या, “बेटा, पिछले साल भी तुमीच फारम भरे थे. पैसे तो आएच नै.”

मी पोर्टल उघडून बघितलं. अर्ज शाळेच्या पडताळणीपाशीच अडकलेला. या योजनेत फॉर्म भरला की काम संपत नाही. आधी शाळा किंवा कॉलेज आपल्या लॉगिनमधून अर्ज तपासतं, मग जिल्हा पातळीवर तपासणी होते आणि त्यानंतर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. यातली एक कडी तुटली की मधलं सगळं वाया. त्या रात्री आम्ही जुनी यादी काढली आणि फोन लावायला बसलो. कुणाचं खातं आधारशी जोडलेलंच नव्हतं. कुणाच्या नावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. कुणाचा अर्ज पडताळणीविना पडून होता. आणि काही मुलींनी तर शाळाच सोडली होती. आमच्या अहवालात त्या ‘लाभार्थी’ होत्या.

आम्ही खोटं लिहिलं नव्हतं, फॉर्म खरंच भरले होते. पण आम्ही आमची मेहनत मोजली होती. त्या मुलीचं काय झालं, यासाठी आमच्या वहीत रकानाच नव्हता.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. प्रोग्राम लिहून झाला, सगळ्या चाचण्या पास झाल्या, सर्व्हरवर चढवला. आम्ही म्हणतो, काम झालं. मग कळतं की ज्या माणसासाठी केलं, त्याला लॉगिनच करता येत नाही. कोड किती ओळींचा आहे हे त्याला विचारायचं नसतं. त्याचं काम झालं की नाही, एवढाच प्रश्न असतो. नोकरीत हे मला पक्कं ठाऊक होतं. शादीखान्यात आलो की मी ते विसरायचो, कारण तिथे आपण ‘खिदमत’ करत असतो आणि खिदमतीचा हिशेब कोण विचारतो?

आता फळ्याकडे बघा. मी पाच रकाने काढतो. पहिला, साधनं : पैसा, माणसं, वेळ, जागा, लॅपटॉप. दुसरा, कृती : आपण काय करतो. तिसरा, काम किती झालं : फॉर्म, शिबिरं, हजेरी. चौथा, लोकांत काय बदललं. पाचवा, दूरचा असर. याला लॉजिक मॉडेल म्हणतात. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याने आपल्या प्रकल्पांसाठी अशाच जातीचा एक तक्ता वापरायला घेतला. पुढे केलॉग फाउंडेशनने छोट्या संस्थांसाठी त्याची सोपी मार्गदर्शिका काढली. आज मोठे देणगीदार प्रस्तावासोबत हा तक्ता मागतात, म्हणून बऱ्याच संस्था तो शेवटच्या रात्री भरतात आणि कपाटात ठेवतात.

तक्ता अवघड नाही. अवघड आहेत ते रकान्यांमधले बाण. प्रत्येक बाण म्हणजे एक ‘म्हणून’. फॉर्म भरला म्हणून पैसे मिळतील. पैसे मिळाले म्हणून मुलगी शाळेत टिकेल. टिकली म्हणून तिचं लग्न अठराच्या आत होणार नाही. हे ‘म्हणून’ खरे आहेत का, हे तपासणं म्हणजेच परिणाम मोजणं. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यामधला बाण सगळ्यात जास्त वेळा तुटतो आणि आपले अहवाल बहुतेक तिसऱ्या रकान्यातच संपतात.

ही चूक फक्त आपल्यासारख्या छोट्या गटांची आहे असं समजू नका. जलयुक्त शिवार योजना आपल्या जिल्ह्यानेही बघितली आहे. २०१४च्या डिसेंबरमध्ये ती जाहीर झाली. नाला खोलीकरण, बंधारे, गाळ काढणं, कामांची संख्या प्रचंड. २०२०च्या सप्टेंबरमध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला, पण भूजल पातळी वाढवण्यात आणि गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात योजनेचा परिणाम फारसा दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर राजकारण खूप झालं, ते बाजूला ठेवू. आपल्या फळ्यावर बघा. किती मीटर खोदलं हा तिसरा रकाना. मे महिन्यात विहिरीला पाणी किती हा चौथा. आणि मधला बाण? पाणी आडवलं आणि त्याच पाण्यावर ऊस वाढला, तर मे महिन्यात विहीर पुन्हा कोरडी. खोदकाम कितीही चांगलं झालं तरी बाण तुटलाच.

म्हणून पहिली गोष्ट. तक्ता भरताना डावीकडून सुरू करू नका. ‘आपल्याकडे लॅपटॉप आहेत, काय करता येईल?’ हा शेवटचा प्रश्न आहे. पाचव्या रकान्यापासून मागे या. आम्ही दुसऱ्या वेळी तसं केलं. पाचव्यात लिहिलं : मोहल्ल्यातल्या मुली बारावीपर्यंत शिकतील. चौथ्यात : दहावीनंतर अकरावीला प्रवेश घेतील आणि वर्षभर टिकतील, शिष्यवृत्ती प्रत्यक्ष खात्यात येईल. मग विचारलं, यासाठी काय व्हायला हवं? तेव्हा कळलं की फॉर्म भरणं हा या साखळीतला सगळ्यात सोपा भाग होता. आम्ही सोपा भाग उचलला होता आणि तोच मोजत होतो.

दुसरी गोष्ट, गृहीतकं कागदावर लिहा. प्रत्येक बाणाखाली लिहा, ‘आम्ही असं धरून चाललोय की…’ लिहिल्याशिवाय ती दिसत नाहीत. मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल देशात कित्येक वर्षं एक गृहीतक होतं की यांची मुलं मदरशात जातात, म्हणून मागे राहतात. २००६मध्ये सच्चर समितीने आकडे मांडले तेव्हा दिसलं की शाळेत जायच्या वयाची जेमतेम ३ ते ४ टक्के मुस्लीम मुलं मदरशात शिकतात. बाकीची मुलं साध्या शाळेत आहेत किंवा कुठेच नाहीत. मग सगळा जोर मदरशावर लावून किती मुलांचं भलं होणार? गृहीतक चुकलं की उरलेला तक्ता कितीही नीट भरा, उपयोग नाही.

आपल्या जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण जास्त दुखरं आहे. २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. समजा, हे वाचून आपण ठरवलं की महिलांसाठी आरोग्य जागृतीची व्याख्यानं घेऊ. तक्त्यात लिहू : व्याख्यान दिलं म्हणून माहिती मिळाली, माहिती मिळाली म्हणून शस्त्रक्रिया कमी झाल्या. आता बाणाखालचं गृहीतक लिहा : ‘माहिती नाही म्हणून बाया ऑपरेशन करतात.’ खरं आहे का? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल दोघांनी मिळून फेडायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, आणि दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. त्या बाईचा निर्णय अज्ञानाचा कमी आणि हिशेबाचा जास्त असतो. व्याख्यान तो हिशेब बदलत नाही. हे बाण काढल्याशिवाय आपल्या लक्षात येत नाही आणि आपण वर्षभर व्याख्यानं मोजत बसतो.

तिसरी गोष्ट, कधी मोजायचं हे आधी ठरवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. या मुलांची पटावरची नावं जूनमध्ये मोजली तर आकडा छान दिसतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पट्टा पडून परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणून खरा आकडा फेब्रुवारीचा. फेब्रुवारीत ती मुलगी वर्गात आहे, की फडात धाकट्या भावाला सांभाळत बसली आहे? सुरुवातीलाही एकदा मोजून ठेवा. आधी काय होतं हे माहीत नसेल, तर नंतर काय बदललं हे कसं सांगणार? आमच्याकडे पहिल्या वर्षाची अशी नोंद नाही. ते वर्ष आता कायमचं गेलं.

चौथी गोष्ट, श्रेय. हे आपल्याला सगळ्यात जड जातं. २००१च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११मध्ये त्या ८०७ झाल्या, महाराष्ट्रात सगळ्यात कमी. त्यानंतर सोनोग्राफी केंद्रांवर कारवाया झाल्या, खटले चालले, मोहिमा निघाल्या, शाळांमधून कार्यक्रम झाले. उद्याच्या जनगणनेत हा आकडा सुधारला, तर मुलगी वाचवावर पथनाट्य करणारा प्रत्येक गट म्हणेल, आमच्यामुळे. पाचव्या रकान्यातले आकडे अनेक हातांनी हलतात. आपला हात किती, हे बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही. तिथे एवढंच म्हणावं की आमचाही हातभार आहे. चौथ्या रकान्याची जबाबदारी मात्र पूर्ण आपली.

कुणी विचारेल, मग जे मोजता येत नाही ते करायचंच नाही का? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला, तेव्हा तोंडी तलाकच्या विरोधात चालणाऱ्या स्त्रिया होत्या सात. तिसऱ्या रकान्यात ‘७’ लिहावं लागलं असतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २२ ऑगस्ट २०१७ला, एक्कावन्न वर्षांनी. त्या सात जणींचा त्यात वाटा किती, हे कुठल्या सूत्राने काढणार? म्हणून छोटा आकडा म्हणजे छोटं काम असं समजू नका. पण त्या सात जणींना आपण कशासाठी चालतोय हे स्पष्ट माहीत होतं. तक्ता आपल्याकडून तेवढंच मागतो. आपलं ‘म्हणून’ आपल्याला सांगता आलं पाहिजे.

दोन धोके सांगतो. पहिला : जे मोजाल तिकडे काम झुकतं. उद्या मी म्हटलं की अभ्यासिकेचं यश पास होणाऱ्यांच्या टक्क्यावर, तर कार्यकर्ते नकळत हुशार मुलींनाच घेतील आणि जिची खरी गरज आहे ती दाराबाहेर राहील. म्हणून एका आकड्यासोबत त्याला आवर घालणारा दुसरा आकडा ठेवा. किती पास झाल्या आणि किती सोडून गेल्या, दोन्ही.

दुसरा धोका माझ्या धंद्यातला आहे. मोजायचं म्हटलं की आपण गुगल फॉर्म काढतो आणि नाव, पत्ता, आधार, फोटो, सगळं मागतो. मोहल्ल्यातल्या मुलींची अशी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणं किती घातक आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ज्या माहितीवर आपण काही निर्णय घेणार नाही, ती विचारू नका. यादी एकाच्याच ताब्यात ठेवा, काम झालं की पुसा, अहवालात नावं-फोटो टाकू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय. कायदा नसता तरी ती माहिती म्हणजे अमानतच आहे.

आता आमच्या तक्त्याचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

आम्ही फॉर्म कमी केले. प्रत्येक स्वयंसेवकाकडे थोड्याच मुली दिल्या आणि ठरवलं की पैसे खात्यात येईपर्यंत ही मुलगी तुझी जबाबदारी. शाळेत जाऊन पडताळणी झाली का विचारायचं, बँकेत जाऊन आधार जोडून घ्यायचं, नावातली चूक दुरुस्त करायला सोबत जायचं. त्यातच २०२२च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने पहिली ते आठवीसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद करून ती नववी-दहावीपुरती ठेवली. लहान मुलांचे अर्ज एका फटक्यात गेले. तक्त्याच्या तळाशी ‘आपल्या हाताबाहेरच्या गोष्टी’ अशी एक ओळ असते. ती ओळ आम्ही पहिल्यांदा गंभीरपणे तेव्हा भरली. उरलेल्या मोठ्या मुलींमध्ये मात्र ज्यांचे पैसे खरंच आले, त्या आधीपेक्षा जास्त होत्या. अहवाल बारीक झाला. एका मदत देणाऱ्याने विचारलंही, “यंदा काम कमी झालं का?”

आणि तरीही पुढचा बाण तुटला. पैसे मिळालेल्या मुलींपैकी काही जणींनी अकरावीत दोन-तीन महिन्यांत कॉलेज सोडलं. या वेळी वहीत ‘का?’ असा रकाना होता. आम्हाला वाटत होतं, कारण पैसा असेल, किंवा लग्न ठरलं असेल, किंवा घरचे जुन्या विचाराचे असतील. रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द आला, एसटी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण कॉलेज सुटल्यावर गाडी थेट संध्याकाळी, घरी पोचेपर्यंत अंधार. बाप म्हणाला, “पोरीला अंधारात स्टँडवर कशी उभी करू?” त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आमचं गृहीतक होतं की हा बाप शिक्षणाच्या विरोधात आहे. प्रश्न गाडीच्या वेळेचा होता.

वेळ बदलावी म्हणून आम्ही अर्ज दिला, सह्या गोळा केल्या. गाडी अजून त्याच वेळेला येते. तोपर्यंत चार घरांनी मिळून एक रिक्षा लावली आहे, महिन्याचे थोडे पैसे आम्ही घालतो. ती रिक्षा किती दिवस चालेल, मी सांगू शकत नाही. पण आता आमच्या तक्त्यात दुसऱ्या रकान्यात ‘रिक्षा’ आहे आणि चौथ्यात ‘फेब्रुवारीत वर्गात हजर’. दोन्हींच्या मध्ये एक बाण आहे आणि आम्ही तो दर महिन्याला तपासतो.

तुम्ही इथून गेल्यावर एवढंच करा. आपापल्या गटाचं एकच काम निवडा. एक कागद, पाच रकाने, उजवीकडून सुरुवात. मोहल्ल्यातल्या दोन आया आणि दोन मुली सोबत बसवा, कारण कुठला बाण तुटणार आहे हे त्यांना आधीच माहीत असतं. मग गेल्या वर्षीच्या यादीतले दहा नंबर काढा आणि फोन लावा. फक्त विचारा, “पुढं काय झालं?” आणि ऐकाल ते लिहून ठेवा, बरं असो वा वाईट. आपल्याकडे येणारा पैसा कुणाच्या जकातीचा असतो, कुणाच्या ओव्हरटाइमचा असतो. त्याचा हिशेब देताना पावत्या लागतातच, पण त्या पैशाने कुणाचं काय बदललं, हेही सांगावं लागेल.

मूल काय शिकलं हे तपासायला ‘प्रथम’ संस्थेने २००५मध्ये घरोघर जाऊन वाचायला लावणारा सर्व्हे सुरू केला. पटावर नाव आहे म्हणजे वाचता येतं, हे गृहीतक त्याने मोडलं. त्या सर्व्हेचं नाव ‘असर’. आपल्या घरात हा शब्द रोज वापरतात. दवा घेतली की अम्मी विचारते, “असर हुआ क्या?” किती गोळ्या खाल्ल्या हे ती विचारत नाही.